सोमवारी तीन ते पाच : शाळेची फाइल बघून आले

लोक हॉटेलांचे, साडीच्या दुकानांचे, मोबाईल दुरुस्तीवाल्यांचे अभिप्राय लिहितात. मी एका सरकारी सोयीचा लिहितेय. ती मी पाच सोमवार वापरली. आमच्या गल्लीत, शाळेच्या पालकांत, दुकानात येणाऱ्या बायकांत एकीलाही ती माहीत नव्हती, म्हणून लिहावंसं वाटलं.

नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं एक शासन निर्णय काढला. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका, जिल्हा परिषदेसारख्या संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 आपले अभिलेख नागरिकांना बघायला खुले ठेवायचे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अभिलेख म्हणजे आपण ज्याला फाइल म्हणतो ते. कार्यालयात तिला नस्ती म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. "फाइल दाखवा" म्हटलं की तोंडाकडे बघतात, "नस्ती बघायची आहे" म्हटलं की कपाटाकडे बघतात.

माझं कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. थोरली मुलगी यंदा जूनमध्ये सहावीत गेली, धाकटा पाचवीत. दोघंही एकाच सरकारी शाळेत. शाळेचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, मुलं अजून तिथंच शिकायची आहेत. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी गेटवर मुलांना आणायला उभी होते, तर एक काकी म्हणाल्या, "अगं, पाचवी ते सातवी पलीकडच्या शाळेत हलवणार हायेत म्हणं. तुला कसं ठाव न्हाई? तू तर कमिटीत हायस."

मी खरंच कमिटीत आहे. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 खाली ती बनते, तिच्यात पाऊण हिस्सा पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांतला आणि सचिव मुख्याध्यापक. गेल्या वर्षी पालक सभेत माझं नाव पुढं आलं तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं होतं. आणि माझ्याच शाळेचा निर्णय मला गेटवर, भर पावसात, छत्रीखाली कळत होता. त्या दिवशी घरी येऊन मी मशीनवर बसू शकले नाही.

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, वरून आलंय. माझ्या हातात काय न्हाई." कागद मागितला तर म्हणाले, कागद अजून यायचाय. म्हणजे निर्णय आलाय आणि कागद यायचाय. मग ठरवणारा कोण, कधी ठरलं, कशावरून ठरलं, हे विचारायचं कुणाला?

सासऱ्यांना हे सांगितलं तर त्यांना पटेचना. त्यांच्या काळी 1947च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालचं शिक्षण मंडळ होतं. त्यातला सदस्य पेठेतलाच असायचा, चहाच्या गाड्यावर सापडायचा, त्याला धरून विचारता यायचं. महापालिकेच्या सभेला ते गॅलरीत जाऊन बसत, कोण काय बोललं ते रात्री जेवताना सांगत. 2013 साली ती मंडळं रद्द करायचा कायदा झाला. मग नोव्हेंबर 2020ला कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, मार्च 2022ला जिल्हा परिषदेची. दोन्हीकडं प्रशासक आले आणि वर्षं उलटत गेली. प्रशासक वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण ते सभागृहात हात वर करून ठरवत नाहीत, कागदावर सही करून ठरवतात. त्या वर्षांत गॅलरीत बसायला सभाच उरली नव्हती. त्यामुळं सामान्य माणसाला निर्णय बघायचा असेल तर तो कागदच बघावा लागायचा, आणि म्हणून या सोमवारच्या दोन तासांना एवढं मोल आलं.

सोय मला कळली ती एका गिऱ्हाईकाकडून. तिचे मिस्टर दुसऱ्या जिल्ह्यात तलाठी आहेत. तिनं शासन निर्णय मोबाईलवर पाठवला, मी दोन रुपये देऊन त्याची प्रिंट काढली आणि पहिल्या सोमवारी पावणेतीनला कार्यालयात पोचले.

पहिला सोमवार वाया गेला असंच म्हणेन. खिडकीवरच्या भाऊंनी सांगितलं, "तसं काय नसतंय ताई. माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत मिळंल." मी प्रिंट पुढं केली. त्यांनी ती उलटसुलट वाचली, आत नेली, वीस मिनिटांनी परत आले. साहेब दौऱ्यावर. "आणि तुम्हास्नी कशाला पायजे पण?" हा प्रश्न मला त्या दिवशी अंगावर आल्यासारखा वाटला. नंतर कळलं की माहिती अधिकाराच्या कायद्यात, कलम 6 मध्ये लिहिलंच आहे की मागणाऱ्यानं कारण द्यायची गरज नाही. आता कुणी विचारलं तर मी शांतपणे "बघायचंय" एवढंच म्हणते. त्या दिवशी मात्र मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, अमुक विषयाची नस्ती पुढच्या सोमवारी बघायची आहे, आणि आवक-जावकला देऊन माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. आवक क्रमांक पडला की तुमच्या बोलण्याचं वजन बदलतं.

दुसऱ्या सोमवारी तेच भाऊ मला बघून उठले, आतल्या खोलीत एका टेबलाशी खुर्ची दिली, रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही घेतली आणि दोऱ्यानं बांधलेली नस्ती समोर ठेवली. शिपाईमामांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. हे मी मुद्दाम लिहितेय. पहिल्या सोमवारच्या अनुभवावरच लोक परत फिरतात, आणि दुसऱ्या सोमवारी तीच माणसं नीट वागतात हे त्यांना कधी कळत नाही.

नस्ती कशी वाचायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं पहिली पंधरा मिनिटं मी नुसती पानं उलटली. तिचे दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार : आलेली पत्रं, गेलेली पत्रं, तक्ते, झेरॉक्स. दुसऱ्या बाजूला टिपणी. टिपणी म्हणजे लिपिकानं विषय मांडायचा, त्याखाली अधीक्षकांनी आपलं मत लिहायचं, त्याखाली वरच्या साहेबांनी, आणि शेवटी मान्य की अमान्य. प्रत्येकाची सही आणि तारीख. आपल्याला घरी येतो तो आदेश म्हणजे शेवटची दोन वाक्यं. खरा निर्णय टिपणीत झालेला असतो, कुणी शंका काढली होती का, ती कशी मिटवली, सगळं तिथं. म्हणून मागताना "टिपणीसह नस्ती" असं मागा.

आमच्या शाळेची टिपणी साडेतीन पानांची होती. मी ती दोनदा वाचली आणि माझं एक मत तिथंच बदललं, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मी समजत होते की शाळेच्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे. टिपणीत तसं काही नव्हतं. त्यात पट लिहिला होता : सहावीत 11, सातवीत 9. दोन्ही वर्गांना मिळून एकच शिक्षक. गणित-विज्ञानाला वेगळा शिक्षक द्यायला पट पुरत नाही. पलीकडच्या शाळेत तो शिक्षक आहे, प्रयोगाचं साहित्य आहे. माझी थोरली गणितात अडते, त्यामागचं एक कारण त्या पानावर होतं. हे आम्हाला जूनमध्ये सभा घेऊन सांगितलं असतं तर सहावी-सातवीच्या निम्म्या पालकांनी तिथंच मान हलवली असती. मीसुद्धा. कायद्यानंही त्यात अडचण नाही, सहावी ते आठवीला शाळा 3 किलोमीटरच्या आत असली की चालते.

पण पहिली ते पाचवीला ती मर्यादा 1 किलोमीटर आहे. टिपणीत दोन शाळांमधलं अंतर 900 मीटर लिहिलं होतं. मी रोज त्या भागात कापड द्यायला जाते. सरळ रेघ ओढली तर 900 मीटर होईलही. मधे नाला आहे, आणि पोरं नाल्यावरून उडत जात नाहीत. त्याच संध्याकाळी मी स्कुटीवरून शाळेच्या गेटपासून त्या गेटपर्यंत गेले, काट्यावर 1.4 किलोमीटर भरलं. त्यात एक असा रस्ता ओलांडावा लागतो जिथं ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या ओळीनं चालतात. माझा धाकटा दहा वर्षांचा आहे.

आणि मग पत्रव्यवहाराच्या बाजूला, पान 17. टिपणीत लिहिलं होतं, "शाळा व्यवस्थापन समितीची संमती सोबत जोडली आहे." पान 17 म्हणजे आमच्या प्रोसिडिंगच्या, म्हणजे समितीच्या सभेच्या वहीच्या, पानाची झेरॉक्स. वर उपस्थित सदस्यांच्या सह्या. तिसरी सही माझी.

माझी सही मी ओळखते, ती माझीच होती. ती सभाही मला आठवते, फेब्रुवारीत झाली होती. पोषण आहाराच्या तांदळाला कीड लागली होती, त्यावर बोललो, स्नेहसंमेलनाच्या खर्चावर बोललो, चहा घेतला, उठलो. सह्या सुरुवातीलाच घेतल्या होत्या, कायमच तशा घेतात. पानावर विषय क्रमांक 1 आणि 2 तेच होते. विषय क्रमांक 3 खाली, जरा दाटीवाटीनं लिहिलेला : वर्ग समायोजनास समितीची सर्वानुमते संमती. समायोजन म्हणजे वर्ग दुसऱ्या शाळेत हलवणं. तो विषय कुणी, कधी लिहिला ते मी सांगू शकत नाही आणि कुणावर बोटही ठेवत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तो आमच्यासमोर वाचला गेला नाही. माझ्या नावानं माझ्याच मुलाचा वर्ग हलवायला हो म्हटलं गेलं होतं, आणि मी या खुर्चीवर बसले नसते तर हे मला आयुष्यात कळलं नसतं.

मोबाईलवर फोटो काढायला नाही म्हणाले. मी वाद घातला नाही. कायद्यात टिपणं काढायचा हक्क दिलेलाच आहे, मी मापाच्या वहीची मागची पानं काढली आणि अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं. पाच वाजले तेव्हा दोन पानं राहिली होती. भाऊ म्हणाले, "लिवा, मी थांबतो." सव्वापाचपर्यंत थांबले.

तिसऱ्या सोमवारी काही झालं नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या वर गेली होती, म्हणजे इशारा पातळी. धोक्याची 43. कार्यालयातली निम्मी माणसं पूरग्रस्तांसाठी शाळा उघडून द्यायच्या कामाला लागली होती. कोल्हापुरात पावसाळ्यात सरकारी शाळा म्हणजे नुसती शाळा नसते, नदीकाठची घरं तिथंच आसऱ्याला येतात. त्या दिवशी मी कुणालाच काही म्हटलं नाही, परत आले. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्ये जायचं आहे त्यांनी आधी फोन करून जा.

चौथ्या सोमवारी आम्ही पाच जणी गेलो. मी घरोघर जाऊन माझी वही वाचून दाखवली होती. दोघी आल्या त्या धुणीभांडी करतात, त्यांनी दुपारची कामं बदलून घेतली. पाच खुर्च्या नव्हत्या, आळीपाळीनं बसलो. एकीला वाचता येत नाही, तिला मी पान 17 वाचून दाखवलं. तिथं तिचा अंगठा होता. तिनं त्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या दिवशी 11 पानांच्या साक्षांकित प्रती घेतल्या. पानाला 2 रुपये, 22 रुपयांची पावती. प्रती मिळायला आठवडा लागला, पण मिळाल्या. सोबत लेखी हरकत दिली, तिच्यात तीनच गोष्टी होत्या : विषय 3 आमच्यासमोर झाला नाही, पाचवीचं अंतर चुकीचं आहे, आणि सहावी-सातवीबद्दल पालकांची सभा घेऊन कारणं सांगा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणं, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणं सांगणं हे कार्यालयाचं स्वतःचं काम आहे, कुणी मागायची वाट न बघता. ते वाक्य मी हरकतीत जसंच्या तसं घातलं.

काही जणी विचारतात, मग सरळ माहिती अधिकाराचा अर्जच का नको? तोही चांगलाच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 30 दिवसांत उत्तर. उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचं पहिलं अपील, आणि मग दुसरं, कोल्हापूरवाल्यांना राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. त्या वाटेनं जायला काय मागायचं ते आधी नेमकं ठाऊक पाहिजे. मला काय मागायचं तेच ठाऊक नव्हतं. मी संमतीचं पान मागितलंच नसतं, कारण अशी संमती कागदावर आहे हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. समोर बसून पानं उलटली म्हणून ते सापडलं. आधी सोमवारी जाऊन नस्ती बघा, मग हवी ती पानं अर्जानं मागा.

या सोयीत खटकतं ते असं. दोन तास कमी पडतात. सोमवारी दुपारी कामाचा खाडा करून येणं रोजंदारीवरच्या बाईला परवडत नाही, माझे त्या पाच सोमवारांत दुकान बंद ठेवून पैसे बुडाले. कार्यालयाच्या दारात या सोयीचा एकही फलक नव्हता. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली मागावी लागली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, नस्ती बघायला मिळते ती बहुतेक वेळा निर्णय होऊन गेल्यावर. समितीची सभा दर महिन्याला व्हायची, तिचं इतिवृत्त लोकांना बघायला ठेवायचं. आमच्या शाळेत ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. ती वर्गाबाहेरच्या फळ्याशेजारी टांगली असती तर मला कार्यालयापर्यंत जावंच लागलं नसतं.

पाचपैकी मी चार तारे देते. एक तारा पहिल्या सोमवारसाठी कापला.

जाता-येता माझी केएमटी, म्हणजे शहर बस, दसरा चौकातून जाते. शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोरून जाताना मला या दिवसांत दर वेळी एकच आठवायचं, ते आम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं : 1917 साली महाराजांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या वेळचा 1 रुपया. पालकाला शाळेशी बांधून घ्यायला राजानं एवढं केलं. आज आम्ही पालक स्वतःच्या पायानं शाळेच्या कपाटापर्यंत आलो आहोत, तर कपाट उघडं असावं एवढंच मागतोय.

पाचव्या सोमवारी नस्तीत एक नवीन टिपणी होती. आमची हरकत पान 31 ला लागलेली, आणि वरच्या साहेबांचा शेरा : "पालकांची सभा घेऊन, अंतराची प्रत्यक्ष मोजणी करून फेरप्रस्ताव सादर करावा." वर्ग तूर्त हललेले नाहीत. सभा गेल्या गुरुवारी झाली, 43 पालक आले. सातवी हलवायला बहुतेकांनी हो म्हटलं, सहावीवर बराच वाद झाला, पाचवीला सगळ्यांनी नाही म्हटलं. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा सगळे विषय मोठ्यानं वाचून दाखवले आणि सह्या शेवटी घेतल्या. मी सही करायच्या आधी शेवटच्या ओळीखाली पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारली, दुसऱ्या बायकांनीही ती बघितली. येत्या सोमवारी परत जाणार आहे. फेरप्रस्तावाला जोडलेल्या झेरॉक्समध्ये ती रेघ आहे का, ते बघायचंय.